तिकीट लावून, लोकांसमोर

नाट्यमंडळाचं अध्यक्षपद घेतलं की पैसा सोडून बाकी सगळं जमा होतं. जुने विग, मोडकी शिडी, सत्काराच्या शाली, पाहुण्यांनी विसरलेल्या छत्र्या आणि किस्से! शाली मी वाटून टाकल्या, विग उंदरांनी नेले. किस्से मात्र कोणी नेत नाही. चार माणसं चहाला बसली की एक निघतो, त्याच्या मागून दुसरा निघतो आणि चहा गार होतो.

मी शैला. आयुष्य बँकेच्या कर्ज विभागात गेलं. समोरचा माणूस गोड हसला की हा का हसला, असं मनात येणारच. आमची मंडळी म्हणतात, "मॅडम, तुमी देवाच्या पाया पडता तवाही एक डोळा उघडा ठेवता!" खरं आहे. चपला बाहेर असतात ना!

अमरावतीत आमचं लहानसं मंडळ आहे आणि मंडळाचं एक तालीमघर आहे. पत्र्याचं छप्पर, लाकडी रंगमंच, शंभरेक खुर्च्या. ही जागा आम्हाला दादासाहेबांनी दिली. दादासाहेब म्हणजे शेंदूरजनाघाटचे संत्र्यांचे व्यापारी आणि नाटकाचे वेडे. त्यांनी जागा देताना एकच अट घातली होती. दरवर्षी एक नवं नाटक झालं पाहिजे, तेही तिकीट लावून, लोकांसमोर. ज्या वर्षी होणार नाही, त्या वर्षी जागा घरच्यांकडे परत. "फुकट पाहणारा टाळ्याबी फुकटच वाजवते," असं ते म्हणायचे.

दादासाहेब गेले. आता त्यांचा नातू अमोलभाऊ सगळं पाहतो. त्याला त्या जागेवर मंगल कार्यालय बांधायचं आहे, हे त्याने कधी लपवलं नाही. आणि काळ असा आला की नाटक करणंच अवघड होऊन बसलं. आमच्या वऱ्हाडात कापसाला भाव नसला की पहिली कात्री वर्गणीला लागते, संत्र्याला भाव नसला की दुसरी. यंदा दोन्ही कात्र्या एकदमच चालल्या.

तालीमघर गेलं तर मंडळ जाईल, आणि मंडळ गेलं तर संध्याकाळी सहा वाजता मी जायचं कुठे? मला बाकी कशाची नाही, पण या प्रश्नाची भीती वाटत होती. टीव्हीसमोर बसून राहणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

* * *

माझी निवड कशी झाली ते आधी सांगते.

बँकेत असताना मी सोसायट्यांच्या निवडणुका पाहिल्या होत्या. खुर्चीपायी सख्खे भाऊ बोलायचे बंद होतात. इथे मात्र खुर्ची मधोमध आणि सगळे तिच्यापासून लांब सरकून बसलेले. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

आमचा वानखडे उभा राहिला. हा आमची प्रकाशयोजना करतो, नेपथ्य करतो आणि नळ गळायला लागला तर तोही दुरुस्त करतो. म्हणाला, "शैला मॅडमले करा. बँकेतल्या हायेत. कोणाले खाऊ देणार नाईत."

गावंडे सर कोपऱ्यातून म्हणाले, "खायला आहे काय पण?" सर म्हणजे आमचे दिग्दर्शक, लेखक आणि म्हाताऱ्याच्या भूमिकेचे कायमचे हक्कदार. सगळे हसले आणि त्या हसण्यातच मी निवडून आले. विरोध नाही, मतदान नाही!

टाळ्या संपतात न संपतात तोच मावळत्या अध्यक्षांनी पिशवीतून पेढ्यांचा भला मोठा पुडा काढला. मी चमकले. म्हटलं, "माझी निवड होणार हे तुम्हाला आधीच कसं माहीत?"

"तुमच्या निवडीचे नाईत मॅडम," ते पेढा माझ्या हातावर ठेवत म्हणाले. "माही सुटका झाली, त्याचे हायेत!"

* * *

वर्गणीची पहिली मोहीम धामणगाव रेल्वेला. तिथले एक कापूस-धान्याचे अडते दानशूर म्हणून प्रसिद्ध होते. गावंडे सर आणि मी एसटीने गेलो. दुकानात हमालांची ये-जा चाललेली, काट्यावर पोती चढत होती. शेटजी गादीवर बसले होते. त्यांनी आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं. त्या नजरेची मला ओळख आहे. तीच नजर मी आयुष्यभर दुसऱ्यांवर टाकली.

"तुमी नाटकवाले, हे कशावरून?" त्यांनी विचारलं.

मी पत्रक दाखवलं. म्हणाले, "पत्रक कोणीबी छापते. मांगं एक जण गोरक्षणाचं पत्रक घेऊन आला होता, त्याच्यापाशी बकरीबी नोयती. नाटकवाले असान तर करून दाखवा ना नाटक!"

मी उठायच्याच बेतात होते. पण गावंडे सरांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला, सरकीच्या पोत्यापाशी गेले आणि सुरू झाले! आमच्या नव्या नाटकातलं म्हाताऱ्या बापाचं स्वगत होतं. घरावर डोळा ठेवून बसलेल्या मुलांना तो म्हातारा सांगतो की मला फक्त अंगणात मरू द्या. सरांचा आवाज फुटला, हात थरथरायला लागले. हमाल पाठीवरच्या पोत्यासकट जागच्या जागी उभे. काटेवाला काटा विसरला. शेटजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मी मनात म्हटलं, झालं काम!

शेटजींनी उपरण्याने डोळे पुसले, नाक पुसलं, सरांना जवळ बसवलं, चहा मागवला. आणि मग हात जोडून म्हणाले, "सर, लय भारी केलं. पण मले एक सांगा, एवढं खोटं एवढ्या सफाईनं बोलणाऱ्या माणसाच्या हाती मी पैसे कसे देऊ जी?"

येताना एसटीत सर चष्मा पुसत बसले. बडनेरा आल्यावर म्हणाले, "शैलाताई, तसं पाहिलं तर माझ्या अभिनयाला एवढी मोठी दाद आजवर कोणी दिली नाही."

* * *

शेवटी प्रायोजक मिळाला तो एक डॉक्टर. स्वतःचं हॉस्पिटल, स्वभावाने चांगला, पण माझ्यासारखाच संशयी. म्हणाला, "पोस्टरवर हॉस्पिटलचं नाव टाकायचं असेल तर आधी संहिता वाचायला द्या." मला बरं वाटलं. वाचल्याशिवाय सही न करणारा माणूस मला आवडतो.

आठ दिवसांनी बोलावणं आलं. संहितेवर लाल पेनाने खुणा होत्या.

"मॅडम, हा म्हातारा तिसऱ्या अंकात मरून राहिला," डॉक्टर म्हणाला.

"हो. तिथेच तर नाटक आहे."

"कुठी मरून राहिला? हॉस्पिटलात! बाहेर पोस्टरवर आमचं नाव अन् आत पेशंट मरून राहिला! लोक काय म्हणतीन?"

गावंडे सर भडकले. म्हणाले, म्हातारा वाचला तर नाटक मेलं. डॉक्टर म्हणाला, मी त्याला वाचवा म्हणतच नाही. मग दोघांची बरीच घासाघीस झाली. म्हाताऱ्याला साप चावावा का, तो विहिरीत पडावा का, यावर दोन सुशिक्षित माणसं अर्धा तास भांडली. मी मध्ये पडले नाही. तडजोड करताना पक्षकारांना दमू द्यायचं, हे मी बँकेत शिकले.

शेवटी डॉक्टरच म्हणाला, "सर, असं करा. त्याले ठणठणीत बरा करून घरी पाठवा. मंग अंगणात मरू द्या. एकदा डिस्चार्ज झाला की आपली जबाबदारी संपली!"

खरं सांगायचं तर नाटक त्यामुळे सुधारलं. सर अजूनही हे कबूल करत नाहीत.

* * *

अनुदानाच्या एका योजनेत आम्ही अर्ज केला होता. तिथून एक साहेब पाहणीला येणार होते. हल्ली म्हणे पुष्कळ संस्था नुसत्या कागदावर असतात, म्हणून प्रत्यक्ष तालीम पाहूनच अहवाल जायचा.

साहेब सांगितलेल्या वेळेच्या आधी आले. बहुतेक आम्हाला पकडायलाच! आणि नेमकं त्या वेळी आत भांडण पेटलेलं. कारण मीच. खर्च कमी करायचा म्हणून मी तालमीतला दुसरा चहा बंद केला होता, आणि मे महिन्यात पंखेही तालीम सुरू झाल्यावरच लावायचे असा नियम काढला होता.

प्रज्ञा म्हणजे आमची नायिका. दिवसभर औषधांच्या दुकानात उभी राहून तालमीला येते. ती कमरेवर हात ठेवून ओरडत होती, "मी का जनावर आहो? दिवसभर उभी राह्यते मी! मले चहा नाई, हवा नाई, अन् रडायचं मात्र खरं!"

वानखडे म्हणाला, "मॅडमले आपल्यावर भरोसाच नाई! थे काल साखरेचा डबा हलवून पाहून राहिल्या होत्या!"

मी म्हटलं, "पाहिला! आणि पुन्हा पाहीन! एवढी साखर जाते कुठे?"

गावंडे सर टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "बंद करा हे मंडळ! एकदाचं बंद करा!"

तेवढ्यात दारातून टाळ्यांचा आवाज आला. साहेब हातातली बॅग काखेत धरून टाळ्या वाजवत होते. "वा! वा! किती जिवंत! संवाद तर अगदी घरातले वाटतात!"

साहेबांना पाणी दिलं, खुर्ची दिली, पंखा लावला. आणि मग दुसऱ्या अंकातला रंगलेला प्रवेश दाखवला. साहेब शांतपणे पाहत होते. संपल्यावर उठले, बॅग घेतली आणि जाता जाता मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. पण मघाचा प्रवेश जमला होता, हा मात्र फार खोटा वाटला."

* * *

आता दाराचा किस्सा. दाराचा म्हणजे खरोखरच्या दाराचा.

नेपथ्याला चांगलं भक्कम दार हवं होतं. नवं करवणं परवडत नव्हतं. अकोल्याच्या एका मंडळाकडे होतं, पण अमरावती-अकोल्याच्या नाटकवाल्यांचं नातं तुम्हाला माहीत आहे. समोर भेटलो की गळाभेट आणि पाठ फिरली की खिसा चाचपायचा! त्यांनी दार द्यायला होकार दिला, पण बदल्यात आमचा सोफा तारण म्हणून मागितला. तारण हा शब्द ऐकून मला कुठेतरी त्यांच्याबद्दल आदरच वाटला.

सोफा गेला, टेम्पोतून दार आलं. आणि दारासोबत उतरला एक माणूस! तायडे त्याचं नाव.

"हे कोण?" मी विचारलं.

"मी दारासोबत आहो जी," तो म्हणाला. "आमच्या अध्यक्षांनी सांगतलं, दार परत येईपर्यंत तिथंच राह्यजो. अमरावतीवाल्याईचा भरोसा नाई."

माझी तर खात्रीच पटली की हा आमचं नाटक चोरायला आलेला हेर आहे. तो आपल्या मावशीकडे उतरला आणि रोज सहाच्या ठोक्याला तालमीला येऊन दाराशेजारी स्टुलावर बसायला लागला. दार जोरात लावलं की "हळू!" म्हणून ओरडायचा. मी त्याच्यावर डोळा ठेवून होते, तो दारावर. काही दिवसांनी तो विसरलेली वाक्यं सांगायला लागला. मग एक दिवस म्हणाला, "सर, मोठ्या पोराचं काम करणारा भाऊ चुकून राहिला. बापाशी खोटं बोलतानी माणूस जमिनीकडे पाहत नाई, बापाच्या डोळ्यात पाह्यते." सरांनी वाक्य तसं करून पाहिलं. जमलं!

आणि नेमकी मोठ्या मुलाचं काम करणाऱ्या त्या पोराला पुण्यात नोकरी लागली. त्याने संध्याकाळची गाडी पकडली. मी डोकं धरून बसले. सर मात्र स्टुलाकडे पाहत होते.

महिनाभराने अकोल्याहून फोन आला. त्यांनाही नाटक बसवायचं होतं, दार हवं होतं. मी फोन तायडेच्या हातात दिला. तिकडून आरडाओरडा ऐकू येत होता. तायडेने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "अध्यक्ष साहेब, दार कसं पाठवू? माही एन्ट्रीच त्या दारातून हाय!"

सोफा अजून अकोल्यातच आहे.

* * *

या सगळ्या काळात एक गोष्ट माझी झोप उडवत होती. आमच्या मंडळातली प्रत्येक बातमी अमोलभाऊला कळत होती. डॉक्टरने म्हाताऱ्याला हॉस्पिटलात मरू दिलं नाही, हे त्याला माहीत. पुण्याला कोण गेलं, हे माहीत. बाजारात भेटला की हसून विचारायचा, "काय ताई, दुसरा चहा सुरू झाला का?"

फितूर कोण?

मी बँकेतली युक्ती वापरली. तिघांना तीन वेगवेगळ्या खोट्या बातम्या सांगितल्या, आणि प्रत्येकाला बजावलं की कोणाला सांगू नका. वानखडेला सांगितलं, प्रयोग अकोल्याला करायचं चाललंय. प्रज्ञाला सांगितलं, नाटकाचं नाव बदलतोय. तायडेला सांगितलं, सर आजारी आहेत. आता जी बातमी अमोलभाऊकडे पोचेल, तिचा मालक फितूर!

दुसऱ्याच दिवशी अमोलभाऊचा फोन. "ताई, मी ऐकलं की सर आजारी हायेत, म्हणून तुमी नाव बदलून अकोल्याले पळून चालल्या. खरं हाय का?"

तिन्ही एकदम! मी चाट पडले. सगळ्यांना बोलावलं, एकेकाला फैलावर घेतलं. वानखडे म्हणाला, "मॅडम, आमी कोणालेच नाई सांगतलं. फक्त आपल्या ग्रुपवर टाकलं. ग्रुपवर तर आपलेच लोक हायेत!"

मी मोबाइल उघडला. चष्मा लावून मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधलं एकेक नाव पाहत गेले. आणि एका नावावर थांबले. दादासाहेब!

दादासाहेब जाऊन कितीतरी महिने झाले होते. पण गेलेल्या माणसाला ग्रुपमधून कसं काढायचं? बरं दिसत नाही ना! म्हणून कोणीच काढलं नव्हतं. आणि त्यांचा फोन आता नातवाच्या खिशात होता. आमची प्रत्येक बातमी तिथे पोचत होती, वाचली जात होती, खाली निळ्या खुणासुद्धा उमटत होत्या!

"अरे, दादासाहेब गेले आणि त्यांच्या नावावर निळ्या खुणा येतात, हे एकालाही खटकलं नाही?" मी ओरडले.

वानखडे मान खाली घालून म्हणाला, "मले दिसत होतं मॅडम. मले वाटलं, वरून आशीर्वाद देऊन राहिले."

"काढा! आत्ताच्या आत्ता काढा तो नंबर!"

प्रज्ञा हळूच म्हणाली, "काढणार कोण जी? अॅडमिन थेच होते ना!"

* * *

आणि आता प्रयोगाच्या दिवसाचा किस्सा.

मोठ्या नाट्यगृहाचं भाडं झेपणारं नव्हतं, म्हणून प्रयोग आमच्याच तालीमघरात ठरला. एकच प्रयोग. वर्ष संपत आलं होतं. तिकीटविक्री सुरू झाली आणि बघता बघता सगळी तिकिटं गेली! मंडळी नाचायला लागली. माळ्यावरून 'हाऊसफुल्ल'चा बोर्ड काढला, धूळ झटकली, प्रज्ञाने त्याच्यासोबत फोटो काढला. मला मात्र ते पटेना. आमच्या नाटकाला एवढी गर्दी? कोणाची? मी तिकीट घ्यायला येणाऱ्यांकडे पाहत होते. एक जण दहा घेऊन गेला, एक वीस. दोघांच्याही गाडीत मागे संत्र्यांची रिकामी खोकी होती.

मी बोलून दाखवलं, तर वानखडे वैतागला. "मॅडम, हाऊसफुल्ल झालं तरी तुमच्या पोटात दुखते!"

संध्याकाळ झाली. फाटक उघडलं. तोरण लावलेलं, बोर्ड टांगलेला. कॅन्टीनवाल्याने हाऊसफुल्ल ऐकून दोन घमेली गिला वडा, म्हणजे आमच्याकडचा दह्यातला वडा, करून आणला होता. पहिली घंटा झाली. कोणी नाही. दुसरी झाली. कोणी नाही! शंभर खुर्च्या आणि त्यांच्यावर फिरणारे पंखे.

आता आमच्या मंडळाची एक रीत सांगायला हवी. विकलेल्या खुर्चीत दुसऱ्याला बसवायचं नाही आणि जास्तीची खुर्चीही टाकायची नाही. पूर्वी लोक वरूड-मोर्शीहून यायचे, गाड्या उशिरा पोचायच्या. तिसऱ्या अंकाला आलेल्या माणसालाही त्याची खुर्ची रिकामीच मिळायची. या रीतीचा आम्हा सगळ्यांना अभिमान. एकदा एका आमदारांना आम्ही पूर्ण नाटक उभं ठेवलं होतं! त्यामुळे बाहेर शेजारपाजारची माणसं गोळा झाली, तरी आत घेणार कुठे? आणि फुकट घेतलीच, तर अट मोडणार. तिकीट लावून, लोकांसमोर!

मी विंगेतल्या स्टुलावर बसले आणि मला रडू आलं. आपला संशय खरा निघाला म्हणून आयुष्यात पहिल्यांदा वाईट वाटलं.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. अमोलभाऊ उतरला. एकटाच. पांढरा शर्ट, हातात मोबाइल. दारावर वानखडेला रीतसर तिकीट दाखवलं, आत आला, रिकाम्या खुर्च्यांवरून मोबाइल सावकाश फिरवला आणि अगदी शेवटच्या रांगेत जाऊन बसला. मोबाइल सुरूच!

"कोर्टात दाखवायला शूटिंग घेऊन राहिला," वानखडे कुजबुजला. "आता कसं करायचं?"

गावंडे सर म्हाताऱ्याचा मेकअप करून उभे होते. त्यांनी पडद्याच्या फटीतून एकदा पाहिलं. "त्याने तिकीट काढलं आहे ना?"

"हाव."

"मग तिसरी घंटा दे."

पडदा उघडला. एका माणसासमोर नाटक करणं किती भयंकर असतं, ते केल्याशिवाय कळायचं नाही. विनोद झाला की ती शांतता अंगावर येते. मी विंगेतून नाटकाकडे पाहतच नव्हते, फक्त त्याच्याकडे पाहत होते. आता उठेल, मग उठेल. तो उठलाच! पण तो दाराकडे गेला नाही. चार रांगा पुढे येऊन बसला.

प्रज्ञा विंगेत येऊन म्हणाली, "मॅडम, थो जागा बदलून राहिला!"

"बदलू दे," तायडे म्हणाला. "सगळ्या खुर्च्या त्याच्याच हायेत."

मध्यंतराला कॅन्टीनवाला सगळा गिला वडा घेऊन त्या एकट्यासमोर जाऊन उभा राहिला. "शेट, शंभर माणसाचा माल हाय," एवढंच म्हणाला. अमोलभाऊने मुकाट्याने प्लेट घेतली. तोपर्यंत माझं डोकं जरा चालायला लागलं होतं. मी वानखडेला म्हटलं, "तो अजून शूटिंग घेतोय का रे?"

"हाव ना! पुरा पहिला अंक घेतला!"

"मग प्रयोग झाला, याचा पुरावा तोच तयार करून देतोय आपल्याला!"

दुसऱ्या अंकात तो मधल्या रांगेत होता. तिसऱ्या अंकात मी पाहिलं, तर मोबाइल खिशात गेलेला आणि हा पहिल्या रांगेत, अगदी सरांच्या समोर. तायडे दारातून आला. बापाच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाला की बाबा, घर विकायचा विचार माझ्या मनातही नाही. म्हातारा अंगणात मरून पडला. पडदा पडला. टाळी एकही वाजली नाही. मी मनात म्हटलं, संपलं. आता हा वकिलाला फोन लावणार.

आम्ही सगळे पडद्यामागे गोळा होऊन उभे. कोणी मेकअप पुसला नाही. अमोलभाऊ बाजूच्या पायऱ्या चढून आत आला. त्याने सरांकडे पाहिलं, तायडेकडे पाहिलं, त्या दाराला एकदा हात लावून पाहिला. मी कंबर कसून पुढे झाले. काय बोलायचं ते सगळं माझ्याजवळ तयार होतं.

त्याने खिशातून रबरबँड लावलेला तिकिटांचा जाड गठ्ठा काढला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला,

"ताई, हे बाकीचे तिकिटं उद्या चालतीन का?"